३-मिथिल-१-ब्युटीन आणि हायड्रोजन क्लोराइड: मार्कोव्हनिकॉव्हचा नियम येथे अपुरा का पडतो?

वैदेही_बीएस्सी (प्रश्न)

नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असून सध्या अल्कीनांच्या, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या संयुगांच्या, समावेशन अभिक्रियांचा (दुहेरी बंधावर दुसरा रेणू जोडला जाण्याचा) अभ्यास करत आहे. एका सरावप्रश्नात ३-मिथिल-१-ब्युटीनची हायड्रोजन क्लोराइडबरोबर अभिक्रिया दिली होती. नियमाप्रमाणे हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर आणि क्लोरीन शेजारच्या, म्हणजे दुसऱ्या कार्बनवर जायला हवा. म्हणून मी २-क्लोरो-३-मिथिलब्युटेन असे उत्तर लिहिले. उत्तरसूचीत मात्र २-क्लोरो-२-मिथिलब्युटेन हा मुख्य पदार्थ दिला आहे. ज्या कार्बनला दुहेरी बंधाचा स्पर्शही नव्हता त्याच्यावर क्लोरीन कसा पोहोचला, हे मला उमगत नाही.

याच प्रकरणातली आणखी एक शंका अशी की, पेरॉक्साइड घातल्यावर नियम उलटतो, पण फक्त हायड्रोजन ब्रोमाइडच्या बाबतीत. हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन आयोडाइड यांच्यावर पेरॉक्साइडचा असा परिणाम होत नाही. असे का व्हावे? परीक्षेपुरते मी हे सारे पाठ करू शकेन. परंतु कधीही न पाहिलेले अल्कीन समोर आले, तर विचाराची सुरुवात कोठून करायची, हे मला समजून घ्यायचे आहे. कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.

सेंद्रिय_अध्यापक (प्रतिसाद)

वैदेही, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण तोच खरा प्रश्न आहे. न पाहिलेले अल्कीन समोर आले की "हायड्रोजन कोणत्या कार्बनवर जाईल?" असे विचारू नका. "दुहेरी बंधाला सर्वांत आधी काय येऊन चिकटेल, आणि ते चिकटल्यावर जो मध्यस्थ (अभिक्रियेच्या वाटेत क्षणभर बनणारा कण) तयार होईल तो कोणत्या रूपात अधिक स्थिर असेल?" असे विचारा. या एका प्रश्नाने तुमच्या दोन्ही शंका सुटतात.

व्लादिमिर मार्कोव्हनिकॉव्ह यांनी आपला नियम रशियातील कझान येथील संशोधनातून १८६९-७० च्या सुमारास मांडला. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोध लागायला पाव शतकाहून अधिक काळ बाकी होता. त्यामुळे त्यांच्या नियमात कारण नाही, केवळ निरीक्षण आहे: ज्या कार्बनवर हायड्रोजन कमी, तिकडे हॅलोजन जातो. निरीक्षण म्हणून ते फार मोलाचे आहे, पण ज्या अल्कीनांवरून ते काढले गेले त्यांच्या पलीकडे ते आंधळेपणाने लावता येत नाही.

आता तुमचे उदाहरण घेऊ. दुहेरी बंधातले पाय (π) इलेक्ट्रॉन हायड्रोजन क्लोराइडमधील प्रोटॉन उचलतात. प्रोटॉन टोकाच्या कार्बनवर बसला तर धनप्रभार दुसऱ्या कार्बनवर येतो आणि द्वितीयक कार्बोकॅटायन मिळतो, म्हणजे धनप्रभारित कार्बनला दोन कार्बन जोडलेला आयन. तो दुसऱ्या कार्बनवर बसला असता तर टोकाशी प्राथमिक कार्बोकॅटायन तयार करावा लागला असता, आणि तो इतका अस्थिर असतो की अभिक्रिया त्या वाटेला जात नाही. इथपर्यंत तुमचा विचार अगदी बरोबर होता. पुढे मात्र तुम्ही असे गृहीत धरलेत की कार्बोकॅटायन तयार झाल्यावर क्लोराइड येईपर्यंत स्वस्थ बसून राहतो.

त्याच्या शेजारी, तिसऱ्या कार्बनवर, एक हायड्रोजन आणि दोन मिथिल गट आहेत. हा हायड्रोजन आपल्या बंधातील दोन्ही इलेक्ट्रॉनांसह शेजारच्या रिकाम्या कक्षकाकडे सरकतो. यालाच आपण हायड्राइड स्थलांतर म्हणतो. सरकताच धनप्रभार तिसऱ्या कार्बनवर येतो आणि तेथे तीन कार्बन जोडलेले असल्यामुळे द्वितीयक आयनाचा अधिक स्थिर असा तृतीयक आयन होतो. क्लोराइड आता त्या कार्बनवर जातो. नामकरणाच्या नियमानुसार साखळी दुसऱ्या टोकाकडून मोजावी लागत असल्याने त्या पदार्थाला २-क्लोरो-२-मिथिलब्युटेन हे नाव मिळते. कागदावर दोन्ही रचना शेजारी काढून पाहिल्यात तर कार्बनचा सांगाडा तोच असल्याचे लक्षात येईल. अशा पुनर्रचनांमागे धनप्रभारित कार्बन असतो, हे फ्रँक व्हिटमोर यांनी १९३२ मध्ये सुसंगतपणे मांडले.

उत्तरसूचीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. प्रत्यक्षात येथे एकच पदार्थ मिळत नाही, मिश्रण मिळते. काही पाठ्यपुस्तके हे प्रमाण साधारण निम्मे-निम्मे देतात, तर काही पुनर्रचित पदार्थ ६० टक्के आणि तुम्ही लिहिलेला ४० टक्के असे देतात. म्हणजे हायड्राइड सरकण्याचा वेग आणि क्लोराइडने आयनाला गाठण्याचा वेग जवळजवळ तुल्यबळ आहेत. तुमचे उत्तर चुकीचे नव्हते, अपुरे होते. दोन्ही पदार्थ लिहून पुनर्रचना दाखवणे हेच प्रामाणिक उत्तर.

नियमाचे शब्द सोडून कारण का धरायचे, याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ३,३,३-ट्रायफ्लुओरोप्रोपीन. ॲल्युमिनिअम क्लोराइडच्या उपस्थितीत त्यावर हायड्रोजन क्लोराइडची अभिक्रिया केली, तर पेरॉक्साइडचा मागमूस नसतानाही क्लोरीन टोकाच्या कार्बनवर जातो. तीन फ्लोरीन लावलेला कार्बन इलेक्ट्रॉन इतक्या जोराने आपल्याकडे ओढतो की त्याच्या लगतच्या कार्बनवर धनप्रभार सोसवत नाही. हायड्रोजन मोजणाऱ्या विद्यार्थ्याला हा अपवाद वाटेल. मध्यस्थाकडे पाहणाऱ्याला वाटणार नाही.

तुमच्याच अल्कीनवर आणखी एक विचार करून पाहा. दुहेरी बंधावर पाण्याचे घटक जोडून अल्कोहोल बनवायचे आहे. सौम्य सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीने पाणी जोडले, तर मोकळा कार्बोकॅटायन बनतो, हायड्राइड सरकतो आणि बव्हंशी २-मिथिल-२-ब्युटॅनॉल मिळते. मर्क्युरिक ॲसिटेट व पाणी वापरून नंतर सोडिअम बोरोहायड्राइडने पारा काढून टाकला, तर ३-मिथिल-२-ब्युटॅनॉल मिळते, कारण पारा दोन्ही कार्बनना धरून ठेवतो आणि धनप्रभार कोठेही मोकळा पडत नाही. डायबोरेन घालून नंतर अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण केले, तर ३-मिथिल-१-ब्युटॅनॉल मिळते, म्हणजे ज्याच्या ॲसिटेटला पिकलेल्या केळ्याचा वास येतो ते अल्कोहोल. अल्कीन एक, जोडायचे पाणी एक, पण मध्यस्थ वेगळा असल्यामुळे तीन वाटांनी तीन वेगवेगळी अल्कोहोले हाती येतात. हे उदाहरण तुम्ही स्वतः कागदावर तीनही वाटांनी सोडवून पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. त्यातून जे कळेल ते नियमांच्या यादीतून कळणार नाही.

बोरेनच्या वाटेमागचा शोधही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्बर्ट ब्राउन यांच्याकडे काम करणारे बी. सी. सुब्बा राव सोडिअम बोरोहायड्राइड आणि ॲल्युमिनिअम क्लोराइड यांच्या मिश्रणाने एस्टरांचे क्षपण करत होते. इतर एस्टर अपेक्षेइतकेच हायड्राइड वापरत होते, इथिल ओलिएट मात्र त्याहून अधिक खात होते. हे जास्तीचे हायड्राइड जाते कोठे, याचा पिच्छा पुरवल्यावर ते ओलिएटमधील दुहेरी बंधावर जोडले जाते, असे आढळले. हे काम १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि ब्राउन यांना १९७९ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा बोरॉनच्या रसायनासाठी मिळाला. आकडा थोडा चुकला म्हणून तो प्रयोग बाजूला टाकला गेला नाही, हे मला विशेष वाटते.

मुक्तमूलक (प्रतिसाद)

सरांनी पहिली शंका उत्तम रीतीने सोडवली आहे. पेरॉक्साइडबद्दल मी लिहितो, कारण मुक्तमूलकांच्या, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या कणांच्या, अभिक्रियांवर मी काही वर्षे काम केले आहे.

प्रथम एक गोंधळ दूर करतो. सरांनी उल्लेखलेल्या बोरेनच्या अभिक्रियेतही हायड्रोजन पेरॉक्साइड येतो आणि तेथेही गट टोकाच्या कार्बनवर जातो, म्हणून अनेक विद्यार्थी दोन्ही गोष्टी एकच समजतात. त्यांचा परस्परांशी संबंध नाही. तेथे पेरॉक्साइड शेवटी येतो आणि कार्बन-बोरॉन बंधाच्या जागी कार्बन-ऑक्सिजन बंध आणतो. टोक कोणते हे त्याआधीच ठरलेले असते. तुमच्या प्रश्नातील पेरॉक्साइड अत्यल्प प्रमाणात लागतो आणि त्याचे काम केवळ साखळी अभिक्रिया सुरू करण्याचे असते.

मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी शिकागो विद्यापीठात १९३३ मध्ये हा प्रश्न सोडवला. त्यापूर्वी ॲलिल ब्रोमाइडवर हायड्रोजन ब्रोमाइड जोडले की एका प्रयोगशाळेत १,२-डायब्रोमोप्रोपेन मिळे, दुसरीत १,३-डायब्रोमोप्रोपेन, आणि कधी दोहोंचे मिश्रण. तापमान, द्रावक, प्रकाश या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. खराश आणि मेयो यांनी हवा पूर्णपणे काढून टाकलेल्या नळ्यांमध्ये, अंधारात, शुद्ध ॲलिल ब्रोमाइड घेतले, तेव्हा अभिक्रिया अतिशय मंद झाली, पूर्ण व्हायला दिवसचे दिवस लागले, आणि मुख्यत्वे १,२ पदार्थ मिळाला. हवा किंवा पेरॉक्साइड असले की तीच अभिक्रिया काही तासांत उरकून १,३ पदार्थ मिळे. हवेत ठेवलेल्या ॲलिल ब्रोमाइडमध्ये आपोआप तयार होणारे पेरॉक्साइड हेच त्या सगळ्या विसंगतीचे मूळ होते.

यंत्रणा अशी आहे की पेरॉक्साइड तुटून तयार झालेले मूलक हायड्रोजन ब्रोमाइडमधील हायड्रोजन काढून घेते आणि ब्रोमीनचा अणू मोकळा होतो. दुहेरी बंधावर आधी हा ब्रोमीन चिकटतो. तो टोकाच्या कार्बनवर बसतो, कारण मग एकटा इलेक्ट्रॉन आतल्या कार्बनवर राहतो आणि तेथे तो अधिक स्थिर असतो. त्यानंतर हे कार्बन-मूलक दुसऱ्या हायड्रोजन ब्रोमाइडमधील हायड्रोजन घेते, पुन्हा ब्रोमीनचा अणू सुटतो आणि साखळी पुढे चालू राहते. आयनांच्या वाटेने आधी हायड्रोजन टोकाला बसतो, मूलकांच्या वाटेने आधी ब्रोमीन. दोन्हीकडे पहिला पाहुणा टोकालाच जातो. फरक केवळ पहिला पाहुणा कोण, एवढाच आहे. म्हणून याला नियमाचा भंग म्हणणे मला पटत नाही.

आता फक्त ब्रोमाइडच का, याकडे वळतो. साखळी चालायची असेल तर तिच्या दोन्ही पायऱ्या झटपट व्हायला हव्यात, आणि त्यासाठी दोन्हींमध्ये ऊर्जा बाहेर पडणे इष्ट असते. हायड्रोजन क्लोराइडचा बंध तोडायला मोलमागे सुमारे ४३१ किलोज्यूल लागतात, हायड्रोजन ब्रोमाइडचा सुमारे ३६६ आणि हायड्रोजन आयोडाइडचा सुमारे २९८. दुसऱ्या पायरीत जो नवा द्वितीयक कार्बन-हायड्रोजन बंध तयार होतो, त्यातून सुमारे ४१० किलोज्यूल मिळतात. म्हणजे क्लोराइडच्या बाबतीत दुसऱ्या पायरीत वीसेक किलोज्यूल पदरचे घालावे लागतात आणि साखळी तेथे रेंगाळते. तोवर आयनांची वाट पुढे निघून गेलेली असते. आयोडाइडमध्ये दुसरी पायरी अगदी सोपी आहे, पण पहिली अडते: कार्बन-आयोडीन बंध इतका दुबळा असतो की तो बनून जी ऊर्जा मिळते ती दुहेरी बंधाचा पाय भाग उघडण्यास पुरत नाही. ब्रोमाइडमध्ये मात्र पहिल्या पायरीत थोडी आणि दुसरीत चाळीसहून अधिक किलोज्यूल ऊर्जा बाहेर पडते. पुस्तकांत बहुधा "क्लोराइडचा बंध फार बळकट आणि आयोडीनचे अणू आपसांत जोडले जातात" एवढेच दिलेले असते. त्यातले पहिले विधान अर्ध्याच वाटेपर्यंत नेते, आणि दुसऱ्याने आयोडीन दुहेरी बंधावर मुळात का बसत नाही हे कळत नाही. दोन्ही पायऱ्यांचा ऊर्जेचा हिशेब स्वतः मांडून पाहावा.

तुमच्या ३-मिथिल-१-ब्युटीनवर पेरॉक्साइडच्या उपस्थितीत हायड्रोजन ब्रोमाइड जोडले, तर १-ब्रोमो-३-मिथिलब्युटेन मिळते आणि सांगाड्यात कोणतीही हालचाल होत नाही. कार्बोकॅटायनात सहज होणारे हायड्राइड स्थलांतर मूलकात होत नाही.

वैदेही_बीएस्सी

सर, तिन्ही अल्कोहोलांची उदाहरणे कागदावर सोडवून पाहिली आणि पहिल्यांदाच नियम न आठवता उत्तर आले. आपणा दोघांचे मनापासून आभार. यावरून आणखी एक प्रश्न पडतो. ब्रोमीनची समावेशन अभिक्रिया करताना आधी धनप्रभारित ब्रोमीन चिकटतो, असे धरले तर तेथेही कार्बोकॅटायन बनायला हवा आणि पुनर्रचना व्हायला हवी. पुस्तकात तसा उल्लेख नाही. शिवाय ब्रोमीनचे पाणी वापरले की दोन ब्रोमीनांऐवजी एक ब्रोमीन आणि एक हायड्रॉक्सिल गट का येतो?

सेंद्रिय_अध्यापक

आधी चिकटणारा ब्रोमीन स्वतःजवळच्या मोकळ्या इलेक्ट्रॉनजोडीने शेजारच्या कार्बनशीही बंध जोडतो. अशा रीतीने दोन कार्बन आणि एक ब्रोमीन यांचे तीन बाजूंचे वलय बनते, त्याला ब्रोमोनिअम आयन म्हणतात. ही कल्पना रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी १९३७ मध्ये मांडली. धनप्रभार एका कार्बनवर उघडा पडत नसल्याने साध्या अल्कीनांमध्ये हायड्राइड सरकण्याचे कारणच उरत नाही. वलयाची एक बाजू ब्रोमीनने अडवलेली असते, म्हणून दुसरा आयन विरुद्ध बाजूने येतो. सायक्लोहेक्झीनपासून ट्रान्स-१,२-डायब्रोमोसायक्लोहेक्झेन मिळते, सिस मिळत नाही, ते याचमुळे.

हे वलय केवळ कागदावरचे नाही. ॲडमँटिलिडीनॲडमँटेन नावाच्या अल्कीनमध्ये दुहेरी बंधाच्या दोन्ही अंगांना पिंजऱ्यासारखे भरगच्च गट असतात. त्यावर ब्रोमीन घातले की ब्रोमोनिअम आयन बनतो, पण मागच्या बाजूने ब्रोमाइड आत शिरूच शकत नाही, आणि अभिक्रिया तेथेच थांबते. हा क्षार १९६९ मध्ये वेगळा काढण्यात आला आणि १९८५ मध्ये क्ष-किरणांनी त्याच्या स्फटिकाची रचना निश्चित झाली.

ब्रोमीनच्या पाण्याचे उत्तर यातच आहे. ब्रोमोनिअम आयनाला कोण गाठतो, हे भोवती कोण किती आहे यावर अवलंबून असते, आणि पाण्यात पाण्याचे रेणू ब्रोमाइडच्या मानाने प्रचंड संख्येने असतात. प्रोपीनपासून १-ब्रोमो-२-प्रोपॅनॉल मिळते, म्हणजे हायड्रॉक्सिल आतल्या कार्बनवर येतो, कारण वलयातील धनप्रभाराचा अधिक वाटा त्या कार्बनकडे असतो आणि ब्रोमीनशी असलेला त्याचा बंध आधीच सैल झालेला असतो. फ्रान्सिस यांनी १९२५ मध्ये मीठ विरघळवलेल्या ब्रोमीनच्या पाण्यात इथिलीन सोडले, तेव्हा १-ब्रोमो-२-क्लोरोइथेनही मिळाले. मिठातील क्लोराइड एकटा इथिलीनवर जोडला जात नाही. म्हणजे ब्रोमीन आधी आला आणि क्लोराइड नंतर, हे उघड आहे. ब्रोमीनचे दोन्ही अणू एकाच वेळी जोडले जात असते तर हा पदार्थ मिळालाच नसता. अभिक्रिया दोन टप्प्यांत होते याचा इतका स्वच्छ पुरावा पदवीच्या वर्गात शिकवला जायला हवा, असे मला नेहमी वाटते.

तेलतपासनीस (प्रतिसाद)

मी खाद्यतेलांच्या प्रयोगशाळेत काम करते, आणि वरची सगळी चर्चा आमच्या रोजच्या कामाशी जोडलेली आहे, म्हणून थोडी भर घालते. तेलातील दुहेरी बंध मोजण्यासाठी आम्ही आयोडीन मूल्य काढतो, म्हणजे १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते ते. खोबरेल तेलाचे मूल्य साधारण ७.५ ते १०, शेंगदाणा तेलाचे ८५ ते ९९ आणि करडईच्या तेलाचे १३५ च्या पुढे असते.

नाव आयोडीनचे असले तरी आम्ही आयोडीन घालत नाही. नुसते आयोडीन दुहेरी बंधावर फार हळू जोडले जाते आणि सुटतेही. ब्रोमीन उलट इतका आक्रमक की समावेशनाबरोबर हायड्रोजनच्या जागीही बसण्याची भीती असते. म्हणून ॲसिटिक आम्लातील आयोडीन मोनोक्लोराइड, म्हणजेच विज द्रावण, वापरतात. या रेणूत क्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे आधी आयोडीन दुहेरी बंधावर येतो आणि मागून क्लोराइड. सरांनी सांगितलेल्या वलयाचाच हा प्रकार आहे. बुचाची फ्लास्क अर्धा तास अंधारात ठेवायची, कारण प्रकाशात मूलकांच्या नको त्या अभिक्रिया सुरू होतात. मग पोटॅशिअम आयोडाइड घातले की उरलेल्या अभिकारकातून आयोडीन मोकळे होते आणि सोडिअम थायोसल्फेटने त्याचे अनुमापन करता येते. तांबूस रंग फिका पिवळा झाल्यावरच स्टार्च घालावा, गडद निळा रंग येतो आणि शेवटच्या थेंबाला तो एकदम नाहीसा होतो. तेल न घालता केलेल्या कोऱ्या चाचणीतून हा आकडा वजा केला की दुहेरी बंधांनी किती खाल्ले ते कळते. एकाआड एक (संयुग्मी) दुहेरी बंध असलेल्या तेलांत मात्र हा आकडा खऱ्याहून कमी येतो.

निकेलवर तेलाचे हायड्रोजनीकरण करतानाही मध्यस्थाकडेच पाहावे लागते. होरिउती आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये दाखवल्याप्रमाणे, धातूच्या पृष्ठभागावर दोन हायड्रोजन एकाच वेळी जोडले जात नाहीत. एक जोडला जाऊन अर्धवट हायड्रोजनित अवस्था बनते आणि ती मागेही फिरू शकते. मागे फिरताना एकेरी बंध गोल वळलेला असला, तर मूळच्या सिस बंधाच्या जागी ट्रान्स बंध तयार होतो. वनस्पती तुपातील ट्रान्स मेदाम्ले अशी आली. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेले आणि मेद यांत औद्योगिक ट्रान्स मेदाचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. हायड्रोजनीकरण शेवटापर्यंत नेले तर दुहेरी बंधच उरत नाही आणि ट्रान्सही राहत नाही, पण तो पदार्थ मेणासारखा कडक होतो. त्यामुळे आता त्यात द्रव तेल मिसळून आणि मेदाम्लांची अदलाबदल घडवून हवा तेवढा मऊपणा आणतात.